न पाहिलेल्या गुदामाचे भाडे : क्लाऊडवरील जुन्या इमेज आणि वाढते बिल

माल विकला गेला नाही तरी गुदामाचे भाडे थांबत नाही, ही गोष्ट व्यापाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर मुदतीपेक्षा जास्त दिवस पडून राहिला की डेमरेज सुरू होते आणि क्लिअरिंग एजंटाकडे फोनवर फोन जाऊ लागतात. पण आज पुष्कळ व्यापाऱ्यांचे आणखी एक गुदाम असते आणि ते त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेले नसते. तेथे ठेवलेला मालही कंटेनरशीच संबंधित असतो, त्याचेही दरमहा भाडे लागते आणि त्यातला पुष्कळसा माल पुन्हा कोणाच्याही कामी येणार नसतो. या गुदामाला सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'इमेज रजिस्ट्री' म्हणतात.

भिवंडीचा कापडाचा ठोक व्यापारी असो, मालेगावचा साडी कारखानदार असो किंवा चामड्याच्या वस्तू ऑनलाइन विकणारा कारागीर असो, ज्याने ऑर्डर घेण्यासाठी, साठा पाहण्यासाठी किंवा बिले काढण्यासाठी स्वतःचे सॉफ्टवेअर करवून घेतले आहे, त्याच्याकडे क्लाऊडचे मासिक बिल येत असते. बिलात दहा-पंधरा ओळी असतात. विक्री वाढली म्हणून बिल वाढले, असे मालक समजतो आणि पैसे भरून टाकतो. विक्री तेवढीच राहिली तरी यातली एक ओळ दरमहा थोडी-थोडी फुगत जाते. त्या ओळीचा अर्थ काय, ती का फुगते आणि धंद्याला धक्का न लावता ती आटोक्यात कशी आणावी, याची माहिती आम्ही या लेखात देत आहोत. ज्यांची मुले पुण्या-मुंबईत सॉफ्टवेअरच्या कामात आहेत त्यांनी हा लेख त्यांच्याही हाती द्यावा.

कंटेनर आणि इमेज म्हणजे काय?

हा शब्द बंदरातूनच आला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतील नेवार्क येथून 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या लादून ह्यूस्टनकडे निघाले. माल्कम मॅकलीन या ट्रक वाहतुकीच्या व्यावसायिकाची ती योजना होती. पेटीत काय आहे याच्याशी जहाजाला, क्रेनला वा ट्रकला देणेघेणे नाही. पेटी ठरावीक मापाची असली की ती कोठेही चढते आणि कोठेही उतरते. आपल्याकडे न्हावा-शेवाचे बंदर १९८९ साली सुरू झाले ते याच पद्धतीच्या वाहतुकीसाठी.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच युक्ती उचलली. २०१३ साली 'डॉकर' नावाचे साधन लोकांसमोर आले. त्याच्या चिन्हावर पाठीवर पेट्या घेतलेला देवमासा आहे. प्रोग्राम, त्याला लागणारी सर्व सामग्री आणि त्याची मांडणी हे सारे एका पेटीत बांधायचे, म्हणजे ती पेटी कोणत्याही संगणकावर उघडली तरी काम सारखेच चालते. बांधून ठेवलेल्या पेटीला 'इमेज' म्हणतात आणि ती उघडून चालू केलेल्या कामाला 'कंटेनर' म्हणतात. एका इमेजवरून हवे तेवढे कंटेनर चालू करता येतात. इमेज जेथे ठेवल्या जातात ते गुदाम म्हणजे रजिस्ट्री, आणि त्यातला एकेका सॉफ्टवेअरचा कप्पा म्हणजे रिपॉझिटरी.

आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. इमेज ही एकसंध वस्तू नसून थरांची असते. तळाशी लायनक्सचा थर, त्यावर प्रोग्रामच्या भाषेचा, त्यावर तयार सुट्या भागांचा आणि सर्वांत वर तुमच्या स्वतःच्या कामाचा. प्रत्येक थराच्या आशयावरून ६४ अक्षरांचा एक ठसा निघतो. दोन इमेजमध्ये एकच थर असेल तर एका रिपॉझिटरीत तो एकदाच साठवला जातो. पुढच्या हिशेबात ही बाब महत्त्वाची ठरते.

माल साठतो कसा?

सॉफ्टवेअर करणारा मुलगा एखादी चूक दुरुस्त करतो, पानावरचा रंग बदलतो, नवा कर-दर घालतो. प्रत्येक बदलानंतर यंत्र आपोआप नवी इमेज बांधते आणि रजिस्ट्रीत पाठवते. जुनी इमेज मात्र आपोआप निघून जात नाही. अ‍ॅमेझॉनच्या रजिस्ट्रीत तर तुम्ही नियम लिहून दिला नाही तर एकही इमेज काढली जात नाही. पहिल्या दिवशीची कच्ची, मोडकी इमेजसुद्धा तेथे पाच वर्षांनी जशीच्या तशी असते.

यात चिठ्ठीचा घोळ होतो. प्रत्येक इमेजला ओळखीसाठी एक चिठ्ठी लावतात, तिला 'टॅग' म्हणतात. पुष्कळ ठिकाणी 'लेटेस्ट' ही एकच चिठ्ठी दर वेळी नव्या इमेजला लावली जाते. चिठ्ठी नव्या पेटीवर गेली की जुनी पेटी बिनचिठ्ठीची होते. यादीवर वरवर नजर टाकली तर एकच पेटी दिसते, पण तिच्या मागे शंभर बिनचिठ्ठीच्या पेट्या उभ्या असतात आणि भाडे सर्वांचे लागते. गुदामातल्या गाठीवरचे लेबल काढून दुसऱ्या गाठीला लावले म्हणून पहिली गाठ नाहीशी होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हिशेब करून पाहू

अ‍ॅमेझॉनच्या खासगी रजिस्ट्रीचा साठवणुकीचा दर दरमहा दर जीबीला १० सेंट, म्हणजे डॉलरचा दहावा भाग असा आहे. गुगलच्या रजिस्ट्रीचा दरही पहिला अर्धा जीबी सोडून तेवढाच आहे. मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युअरमध्ये दर्जानुसार १०, १०० किंवा ५०० जीबी जागा धरलेली असते आणि त्यापुढच्या जागेचे वेगळे पैसे पडतात. हे दर ऐकून मालक म्हणतो, "दहा सेंट म्हणजे किती? जाऊ द्या." पण हा दर दरमहा लागतो आणि मालही दरमहा वाढतो, म्हणून आकडा आधी कागदावर मांडावा.

समजा, एका सॉफ्टवेअरवर दिवसाला ५ इमेज बांधल्या जातात आणि महिन्यात कामाचे दिवस २५ आहेत. महिन्याला १२५ इमेज झाल्या. प्रत्येक इमेजमुळे ४०० एमबी नवा माल पडतो असे धरले तर महिन्याला ५० जीबी होतात. पहिल्या महिन्याच्या शेवटी भाडे दरमहा ५ डॉलर. बारा महिन्यांनी माल ६०० जीबी आणि भाडे दरमहा ६० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर दरमहा ५,१०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी वेगळा. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हाच आकडा १०,२०० होतो. पहिल्या वर्षात एकंदर सुमारे ३६० डॉलर, म्हणजे ३०,६०० रुपये केवळ पडून राहिलेल्या मालावर गेले. आणि हे एका सॉफ्टवेअरचे झाले. ऑर्डर, साठा, बिल, ग्राहकाचे खाते आणि वाहतूक असे पाच वेगळे भाग करून घेतले असतील आणि सर्वांवर याच गतीने काम चालू असेल, तर वर्षाअखेर दरमहा २५,५०० रुपये जातात. एवढ्या पैशांत एका कारागिराचा पगार निघतो.

आता दुसरी बाजू पाहा. प्रत्यक्ष विक्रीसाठी चालवलेल्या शेवटच्या १५ इमेज आणि चाचणीच्या शेवटच्या दोन आठवड्यांतील साधारण ६० इमेज एवढ्याच ठेवल्या तर माल ७५ इमेजचा, म्हणजे ३० जीबी. भाडे ३ डॉलर, म्हणजे दरमहा २५५ रुपये. पाच हजार शंभरच्या जागी दोनशे पंचावन्न. शिवाय हा आकडा पुढच्या वर्षीही तेवढाच राहतो.

जगाच्या गुदामातही हेच

हा दोष फक्त लहान धंद्याचा आहे असे नाही. डॉकर कंपनी 'डॉकर हब' नावाची रजिस्ट्री चालवते आणि जगभरचे लोक तेथे इमेज ठेवतात. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की तेथे १५ पेटाबाइट माल पडला आहे आणि त्यातील १० पेटाबाइटला सहा महिन्यांहून अधिक काळ कोणी हात लावलेला नाही. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. तीन हिश्शांपैकी दोन हिस्से माल निव्वळ पडून होता. त्यापैकी साडेचार पेटाबाइटहून अधिक माल फुकट खात्यांचा होता.

फुकट खात्यातील ज्या इमेज सहा महिने वापरल्या जाणार नाहीत त्या १ नोव्हेंबर २०२० पासून काढून टाकू, असे कंपनीने तेव्हा सांगितले. त्यावर बरीच ओरड झाली आणि ती मुदत पुढे ढकलावी लागली. त्याऐवजी कंपनीने इमेज उतरवून घेण्यावर मर्यादा घातली. नाव न नोंदवता वापरणाऱ्याला सहा तासांत १०० आणि फुकट खातेदाराला २०० वेळा, असा तो नोव्हेंबर २०२० मधील नियम होता.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली ही की मुदत ठरलेली नसेल तर माल साठणारच, मग धनी लहान असो वा मोठा. दुसरी ही की काय टाकायचे हे आपण ठरवले नाही तर एक दिवस गुदामवाला ते आपल्या सोयीने ठरवतो.

आधी काय ठेवायचे ते ठरवा

बिल पाहून घाबरलेला मालक म्हणतो, "जुने सगळे काढून टाका." असे करू नये. प्रश्न धंद्याच्या बाजूने विचारावा : नवे सॉफ्टवेअर बिघडले तर आपल्याला किती पावले मागे जावे लागेल? इमेजचा खरा उपयोग तेथे असतो. आज दुपारी चढवलेल्या नव्या इमेजमध्ये बिलाची बेरीज चुकू लागली तर कालची इमेज पाच मिनिटांत पुन्हा चालू करता येते. शिंपी मापाचे कागदी पॅटर्न जपतो आणि चिंध्या फेकून देतो. जोडे करणारा लाकडी फर्मा ठेवतो, पण चुकीचे कापलेले चामडे ठेवत नाही. येथेही हाच विवेक हवा.

आमच्या मते मालाचे चार भाग करावेत.

पहिला भाग : सध्या दुकान ज्यावर चालू आहे ती इमेज. ती कोणत्याही नियमाने काढली जाता कामा नये.

दुसरा भाग : आतापर्यंत प्रत्यक्ष विक्रीसाठी चालवलेल्या इमेज. यांच्या चिठ्ठीचा आरंभ ठरावीक शब्दाने करावा, जसे 'विक्री-', आणि शेवटच्या १० ते २० ठेवाव्यात. येथे मोजणी संख्येने करावी, दिवसांनी करू नये.

तिसरा भाग : चाचणीच्या इमेज. यांच्या चिठ्ठीचा आरंभ 'चाचणी-' सारख्या वेगळ्या शब्दाने करावा. दोन ते चार आठवडे पुरेत.

चौथा भाग : बिनचिठ्ठीच्या इमेज. यांना एक आठवडा द्यावा. सर्वांत जास्त बचत बहुधा येथेच होते.

अ‍ॅमेझॉनच्या रजिस्ट्रीत २०१७ पासून 'लाइफसायकल पॉलिसी' लिहून देता येते. चिठ्ठीच्या आरंभीचा शब्द, संख्या आणि दिवस यांवर नियम ठरतात, प्रत्येक नियमाला क्रमांक असतो, आणि अट पूर्ण झाली की साधारण २४ तासांत इमेज निघते. गुगलच्या रजिस्ट्रीत ठेवण्याचे आणि काढण्याचे असे दोन प्रकारचे नियम लिहितात. एखादी इमेज दोन्हींत बसली तर ठेवण्याचा नियम वरचढ ठरतो. अ‍ॅझ्युअरमध्ये 'पर्ज' नावाचा आदेश वेळापत्रकाने चालवता येतो. पद्धत कोणतीही असो, तिघांकडेही कोरडी चाचणी घेण्याची सोय आहे. काय निघेल याची यादी आधी मिळते, प्रत्यक्षात काही निघत नाही. ही यादी पाहिल्याशिवाय नियम लागू करू नये. नियमाने निघालेली इमेज परत मिळेल असे धरून चालू नये.

कोठे घात होतो?

वरच्या नियमांत संख्या आणि दिवस यांतला फरक आम्ही मुद्दाम सांगितला. बिलाचे सॉफ्टवेअर चांगले जमले आणि चार महिने त्यात काही बदल करावा लागला नाही, असे समजा. '९० दिवसांपेक्षा जुने ते काढा' असा सरसकट नियम असेल आणि तो इमेज पाठवल्याच्या तारखेपासून दिवस मोजत असेल, तर जी इमेज सर्वांत चांगली ठरली आणि जिच्यावर दुकान चालू आहे तीच काढली जाईल.

वाईट हे की ही गोष्ट त्याच दिवशी कळत नाही. चालू असलेला कंटेनर रजिस्ट्रीतील इमेज गेली तरी चालूच राहतो. दोष उघड होतो तो यंत्र बंद पडून नवे यंत्र लावताना, किंवा सणासुदीच्या हंगामात गर्दी वाढून जादा यंत्रे आपोआप सुरू होताना. नवे यंत्र रजिस्ट्रीकडे इमेज मागते आणि उत्तर येते की अशी इमेज नाही. म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी गिऱ्हाइकी दारात उभी असताना दुकान बंद पडते. दरमहा काही हजार वाचवताना हंगाम गमावला तर तो व्यवहार नव्हे. म्हणून पहिल्या दोन भागांना दिवसांची मर्यादा लावू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

दुसरा घात बिनचिठ्ठीच्या मालात होतो. काही ठिकाणी यंत्रे इमेज चिठ्ठीवरून मागत नाहीत, थेट ठशावरून मागतात. अशी इमेज बिनचिठ्ठीची असली तरी कामाची असते. तसेच एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारच्या प्रोसेसरसाठी बांधले असेल, तर वरच्या यादीला चिठ्ठी असते आणि तिच्या खालच्या खऱ्या इमेज बिनचिठ्ठीच्या दिसतात. रजिस्ट्रीचा स्वतःचा नियम अशा इमेज सांभाळतो की नाही, हे आधी तपासावे. कोणी घरी लिहिलेला झाडलोटीचा प्रोग्राम चालवणार असेल तर विशेष काळजी घ्यावी.

तिसरी गोष्ट बचतीच्या अपेक्षेची. शंभर इमेज काढल्या आणि प्रत्येकी १ जीबीच्या दिसत होत्या, म्हणून १०० जीबी मोकळे होतीलच असे नाही. त्यांचे खालचे थर उरलेल्या इमेजशी सामाईक असतील तर ते थर राहतातच, वरचे सुटे थर तेवढे जातात. आकडा कमी आला म्हणून मुलाने काम केले नाही असा आरोप करू नये.

चौथी गोष्ट दुसऱ्या शहरातील प्रतीची. अ‍ॅमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ साली सुरू झाले आणि मायक्रोसॉफ्टचे पुण्यातील केंद्र २०१५ साली, त्यामुळे आपल्याकडचा माल आता बहुधा जवळच ठेवता येतो. तरीही सुरक्षिततेसाठी कोणी दुसऱ्या केंद्रात प्रत ठेवतात. अ‍ॅमेझॉनच्या रजिस्ट्रीत मूळ ठिकाणची इमेज काढली तरी दुसरीकडची प्रत आपोआप जात नाही. तेथे वेगळा नियम लिहावा लागतो, नाहीतर एक गुदाम झाडले आणि दुसरे भरलेलेच राहिले असे होते.

हिशेबाच्या वह्या त्यात नसतात

या कामाला पुष्कळ व्यापारी बिचकतात ते एका गैरसमजामुळे. जुनी इमेज काढली तर जुनी बिले, गिऱ्हाइकांची खाती आणि उधारीची नोंद जाईल, अशी त्यांना भीती असते. इमेजमध्ये प्रोग्राम असतो, तुमच्या नोंदी डेटाबेसमध्ये असतात. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. ती सक्ती नोंदींना लागू आहे, जुन्या प्रोग्रामच्या पेट्यांना नाही. वजनकाटा बदलला म्हणून जुन्या पावत्या जात नाहीत.

तथापि, एका ठिकाणी ही भीती खरी ठरू शकते. ज्यांचे सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर चालते त्यांच्याकडे नोंदी बहुधा 'व्हॉल्यूम' नावाच्या जागेत असतात. यंत्रावरील जुन्या इमेज साफ करण्याचा आदेश वेगळा आहे आणि व्हॉल्यूम साफ करण्याचा वेगळा. घाईत दुसरा आदेश दिला तर नोंदींना धोका पोचतो. झाडलोट करणाऱ्याला हे स्पष्ट बजावावे आणि आधी नोंदींची प्रत काढून घ्यावी.

स्वतःचे गुदाम असेल तर

काही मोठ्या पेढ्या भाड्याची रजिस्ट्री न घेता स्वतःच्या यंत्रावर 'हार्बर' सारखी मोफत रजिस्ट्री चालवतात. तेथे झाडलोट दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात नियमाप्रमाणे इमेज यादीतून निघतात, पण थर डिस्कवर तसेच राहतात. 'गार्बेज कलेक्शन' हा दुसरा टप्पा चालवल्यावरच डिस्क मोकळी होते. पहिला टप्पा करून थांबलेले लोक डिस्क भरलेलीच का, म्हणून कोड्यात पडतात. डॉकरची साधी रजिस्ट्री वापरणाऱ्यांनी हा दुसरा टप्पा चालवताना रजिस्ट्रीत नवा माल येणे बंद ठेवावे. त्याच वेळी कोणी इमेज पाठवली तर तिचे थर चुकून काढले जाऊन ती निकामी होऊ शकते. त्यासाठी दुकान बंद असतानाची वेळ निवडावी.

ज्या यंत्रांवर कंटेनर चालतात तेथेही जुन्या इमेज साठतात. कुबरनेटीस वापरणाऱ्यांकडे डिस्क ८५ टक्के भरली की न वापरलेल्या इमेज आपोआप निघू लागतात आणि ८० टक्क्यांपर्यंत जागा खाली केली जाते. साधे डॉकर वापरणाऱ्यांना हे काम स्वतः करावे लागते. 'डॉकर सिस्टिम डीएफ' हा आदेश दिला की कोणत्या मालाने किती जागा खाल्ली आणि त्यातली किती मोकळी करता येईल, हे एका तक्त्यात दिसते.

माल आत येतानाच कमी करावा

झाडलोट हा अर्धा उपाय झाला. इमेज बांधतानाच ती हलकी ठेवणे हा दुसरा अर्धा. जे क्वचित बदलते ते तळाच्या थरांत आणि जे रोज बदलते ते सर्वांत वर ठेवले, तर नव्या इमेजमुळे फक्त वरचा लहान थर साठ्यात पडतो. वरच्या उदाहरणात दर इमेजला ४०० एमबीऐवजी २० एमबी नवा माल पडू लागला तर ७५ इमेजचा साठा तळाच्या थरांसह २ जीबीच्या आत बसतो आणि भाडे महिन्याला सतरा रुपयांच्या आसपास येते. तसेच बांधणीची हत्यारे शेवटच्या इमेजमध्ये ठेवू नयेत. सुतार कपाट पाठवतो तेव्हा त्यात करवत आणि रंधा ठेवून देत नाही.

हलक्या आणि मोजक्या इमेजचा आणखी एक लाभ आहे. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरजे' या जावा प्रोग्राममधील सर्रास वापरल्या जाणाऱ्या भागात मोठे भगदाड सापडले आणि जगभर धावपळ उडाली. आपल्या किती इमेजमध्ये हा भाग आहे, हे ज्यांच्याकडे हजारो जुन्या इमेज पडल्या होत्या त्यांना शोधणे जड गेले असणार. जुनी इमेज कोणी चुकून चालू केली तर बुजवलेले भगदाड पुन्हा उघडते. न लागणारा माल गुदामात नसणे ही चोरापासूनची सुरक्षितताही आहे.

मालकाने विचारायचे प्रश्न

यातले तांत्रिक काम मालकाने करावे अशी अपेक्षा नाही. ते करणारा माणूस वेगळा आहे. मात्र पुढील प्रश्न मालकानेच विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत.

१) रजिस्ट्रीत आज एकूण किती जीबी माल आहे आणि सहा महिन्यांपूर्वी किती होता?
२) सध्या दुकान कोणत्या इमेजवर चालते आणि ती नियमातून वगळली आहे का?
३) बिघाड झाला तर आपण किती पावले मागे जाऊ शकतो? शेवटचे असे करून कधी पाहिले?
४) प्रत्येक रिपॉझिटरीला नियम लिहिला आहे का? नवी रिपॉझिटरी उघडली तर तिला तो आपोआप लागतो का?
५) कोरड्या चाचणीची यादी कोणी पाहिली आणि कोणी मंजूर केली?
६) दुसऱ्या केंद्रात प्रत आहे का, आणि तेथील नियम काय?

चौथ्या प्रश्नाकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. जुने कप्पे साफ केले जातात, पण नवे कप्पे नियमाविना उघडले जातात आणि वर्षाने पुन्हा तेच होते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'कधीच पाहिले नाही' असे आले तर आधी ते करून पाहावे, झाडलोट त्यानंतर.

सॉफ्टवेअर बाहेरून करवून घेणाऱ्यांनी करार करतानाच दोन ओळी घालाव्यात : इमेज किती ठेवायच्या हे लेखी ठरेल आणि रजिस्ट्रीचा साठा दर तिमाहीला मालकाला कळवला जाईल. बिल मालक भरतो आणि माल दुसरा कोणी ठेवतो, अशा व्यवस्थेत माल कमी करण्याची निकड ठेवणाऱ्याला वाटत नाही. यात त्या मुलाची लबाडी नसते, त्याला कोणी विचारलेले नसते इतकेच.

वर्षअखेर साठ्याची मोजदाद करणे हा आपल्या बाजारपेठेतला जुना रिवाज आहे. रॅकवरची गाठ न् गाठ मोजली जाते, कसर लागलेला माल वेगळा काढला जातो आणि न खपणाऱ्याची किंमत उतरवली जाते. त्या यादीत या न दिसणाऱ्या गुदामाचे नाव यंदा लिहून घ्यावे आणि पुढच्या महिन्याचे बिल आले की ती ओळ सर्वांत आधी वाचावी.